फेट्याखालचं डोकं

बंगळुरातल्या सगळ्या मंत्र्यांनी, साहित्यिकांनी, पैलवानांनी आणि निवृत्त हेडमास्तरांनी मिळून आजवर जेवढे फेटे डोक्यावर घातले नसतील, तेवढे आमच्या माडीवरच्यानं एकट्यानं घातले. ह्यात मी तिखटमीठ लावत नाही. फेटे मी बांधलेत, डोकं माझ्या समोर होतं, तेव्हा ह्या विषयात माझ्याशी वाद घालायला कुणी येऊ नये. आणि गंमत अशी, की ज्या डोक्यावर एवढे फेटे चढले त्या डोक्याचा सत्कार करावा असं ह्या शहरात त्या काळी एकाही माणसाला वाटलं नाही. सत्कार राहू दे, त्याला धड नोकरी द्यावी असंही कुणाला वाटलं नाही. बी.एस्सी. झालेलं पोरगं. संख्याशास्त्र घेऊन. पहिल्या वर्गात.

त्याला नाव होतं, चांगलं देवाचं नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी वापरलं नाही. चामराजपेटेत आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे, तिथं तो भाड्यानं राहायचा, म्हणून माडीवरचा. माझ्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. तीसुद्धा खालून हाक मारायची ती 'अरे माडीवरच्या' अशीच. नव्वद सालानंतरची ती वर्षं. बंगळुरात नोकऱ्या झाडाला लागतात अशी बातमी साऱ्या मुलखात पसरलेली. झाडं होती, नोकऱ्याही होत्या, पण त्या कॉम्प्युटर येणाऱ्यांना. ह्याला सरासरी काढायला येत होती. तासगावहून रात्रभर बसून पहाटे उतरला, एक ट्रंक, एक वळकटी आणि सर्टिफिकिटांची निळी फाईल घेऊन आमच्या दारात उभा राहिला, आणि भाडं किती, पाणी केव्हा येतं, हे विचारायचं सोडून म्हणाला, "आजोबा, कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथपुढं दगड, पिशव्या आणि एक तुटकी चप्पल ओळीनं का मांडलीय?"

"आजोबा कुणाला म्हणतोस? अण्णा म्हण."

"बरं. अण्णा, का मांडलीय?"

मी सांगितलं, ती रांग आहे. माणसं घरी झोपलीत, त्यांच्या वतीनं दगड उभे आहेत. दुधाची गाडी आली की ज्याचा दगड तो येतो. हे ऐकून त्याला जो आनंद झाला तो मी लॉटरी लागलेल्या माणसाच्याही तोंडावर पाहिला नाही. मग म्हणाला, "आणि कुणी दुसऱ्याचा दगड मागं सरकवला तर?" आता मी ह्याच गल्लीत जन्मलो, तिथंच माझी साठी झाली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आणि मी, दोघंही शाली गुंडाळून बूथच्या कडेला उभे. कुणी सरकवला नाही. मला उगीचच गल्लीचा अभिमान वाटला.

असा तो माणूस. शहरात नवीन आलेली पोरं आधी स्वस्त खानावळ शोधतात, मग नोकरी, मग सिनेमाचं थिएटर. ह्यानं आधी प्रश्न शोधले. बसमध्ये चढला की शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचा, काम मधेच कुठं असलं तरी. "शेवटी काय आहे ते बघून येतो," म्हणायचा. यशवंतपूरला जाऊन कांद्याच्या पोत्यांवर बसलेल्या हमालांशी गप्पा मारून यायचा, के. आर. पुरमला जाऊन रोज लांबून रेल्वेनं येणारी माणसं डब्यात दुपारचं काय आणतात ते बघून यायचा. कानडी तो कंडक्टर लोकांकडून शिकला, त्यामुळं त्याची सगळी कानडी बसमधली. अक्का चुलीपुढं उभी असली आणि त्याला पाणी हवं असलं, की मागून म्हणायचा, "स्वल्प मुंदे होगी." म्हणजे, थोडं पुढं सरका. अक्का म्हणायची, "अय्यो, पुढं कुठं सरकू, चुलीत?" कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांनी एक कॉफी सांगून दोन पेल्यांत घ्यायची आमच्याकडं रीत आहे, तिला बाय-टू म्हणतात. ह्यानं दोन्ही पेले समोर घेतले, बराच वेळ बघितले, आणि गल्ल्यावरच्या मालकाला विचारलं, की दोन अर्धे पेले मिळून एका पेल्याहून जास्त कसे भरतात? मालक म्हणाला, "अदु प्रीति, सार." ते प्रेम आहे, साहेब. त्यावर हा घरी येऊन मला विचारतो, "अण्णा, सगळ्यांना सारखंच प्रेम वाढतात का गिऱ्हाईक बघून?"

नोकरीसाठी तो फिरला नाही असं नाही. बुटांना पॉलिश करून, निळी फाईल काखेत मारून रोज कुठं ना कुठं जायचा. पण मुलाखतीत प्रश्न त्यांनी विचारायचे असतात, ही साधी गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली नाही. एकदा एका मोठ्या कंपनीतून आला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. मला वाटलं, लागली.

"अण्णा, त्यांच्या ऑफिसात भिंतीवर दोन घड्याळं होती, दोन्हींत वेळ वेगळी! मी साहेबांना विचारलं, का?"

"मग?"

"कळलं ना! एक अमेरिकेचं आहे. तिकडं लोक झोपले की त्यांचं काम ही पोरं इकडं करून ठेवतात. म्हणजे दुधाच्या बूथपुढच्या दगडांसारखंच झालं की नाही?"

"नोकरीचं काय झालं?"

"ते कळवतो म्हणाले."

नाही म्हणायला एक अर्धंमुर्धं काम होतं त्याच्याकडं. घरोघर जायचं, कुठला साबण वापरता आणि का वापरता एवढं विचारायचं, छापील कागदावर खुणा करायच्या. भरतील तेवढ्या कागदांचे पैसे. दुसरी पोरं एका सकाळी अख्खी गल्ली उरकायची. हा सकाळी एका घरात शिरला की जेवण करूनच बाहेर यायचा. एका संध्याकाळी पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला, एकदम गप्प. मी म्हटलं काय झालं. म्हणाला, "एक आजी आहेत अण्णा, त्या साबण लावतच नाहीत, बेसन लावतात. त्यांचे यजमान जन्मभर साबणाच्या कारखान्यात होते. ते गेल्यापासून त्यांना तो वास सोसत नाही."

"मग कागदावर काय लिहिलंस?"

"त्यात तशी जागाच नव्हती."

त्या लोकांनी त्याला काढून टाकलं नाही, पण त्याच्या हातात कागद द्यायचं कमी केलं. आणि इकडं वडिलांनी निघतानाच बजावलेलं. वडिलांचं तासगावला खताचं दुकान. "दसऱ्यापर्यंत कायमची नोकरी लागली तर ठीक," ते म्हणाले होते, "नाही तर सीमोल्लंघन उलटं करायचं. इकडं येऊन गल्ल्यावर बसायचं." मला ह्यात काही वावगं दिसेना. मी त्याला म्हटलं, बस की बाबा, मालक होशील. तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, आमच्या दुकानात उद्या कोण येणार, काय मागणार, बाबा काय म्हणणार आणि तो काय उत्तर देणार, हे सगळं मी इथं बसून सांगतो तुम्हाला. तिथं मला विचारायला काही उरलेलं नाही." तो नेहमी बोलताना हसायचा. हे बोलताना हसला नाही.

आता फेट्याचं सांगतो. आम्ही फेटेवाले, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. आमचे पूर्वज कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर इकडं आले असं माझे वडील अभिमानानं सांगत. फौजेत काय करत होते ते मात्र सांगत नसत. आमची मराठी ऐकून पुण्याकडची मंडळी गालात हसतात. हसोत. आम्ही ती कानडी मुलखात एवढी शतकं सांभाळली, तुम्ही घरच्या घरी तिला इंग्रजीच्या ओटीत घातलीत. असो. तर म्हैसुरी पद्धतीचा फेटा. आधी पुठ्ठ्याची आणि जाड कापडाची टोपी करायची, तिच्यावर रेशमी कापडाच्या घड्या एकीवर एक बसवत न्यायच्या, दडवून टाके घालायचे, वर जरीचा काठ. ह्या शहरात शाल, हार, फळांची करंडी आणि डोक्यावर फेटा एवढं झाल्याशिवाय सत्कार झाला असं कुणी मानत नाही. पण सत्कार करणारे पाहुण्याच्या डोक्याचं माप कधी आणत नाहीत. येतात, "अण्णा, रविवारी पाच फेटे," म्हणतात आणि जातात. म्हणून माझ्या आजोबांनी सगळ्यांना चालेल असं एक मधलं माप ठरवून फणसाच्या लाकडाचं डोकं करून घेतलं होतं. त्याला आम्ही मंडे म्हणायचो. कानडीत मंडे म्हणजे डोकंच. त्याच्यावर आमच्या तीन पिढ्यांनी फेटे बांधले. आणि बांधणाऱ्यानं फेटा स्वतःच्या डोक्यावर चढवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. दुसऱ्याचा मान तो. मी जन्मात फेटा घातलेला नाही, लग्नातसुद्धा टोपीच होती.

तर ते मंडे फुटलं. त्याला चीर गेलेली बरेच दिवस दिसत होती, मी ती मान्य करत नव्हतो. एक दिवस टाका ओढताना उभं दुभंगलं. ऑर्डर मोठी आलेली, सुतार त्याच्या गावी जत्रेला गेलेला. अक्का म्हणाली, "भोपळा आणू का? त्यावर बांधा." मी म्हटलं, भोपळ्यावर बांधलेला फेटा भोपळ्यालाच बसतो. आमची बाचाबाची ऐकून माडीवरचा जिन्यावरून उतरला आणि अर्थातच म्हणाला, "काय झालं?" मी त्याच्याकडं बघितलं. रोज बघत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा भुवयांच्या वर बघितलं. शेल्फावरची, मंडेवर बेतलेली पुठ्ठ्याची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. घट्ट नाही, सैल नाही. आजोबांनी जणू त्याच्याच डोक्यावरून मंडे करवून घेतलं होतं.

"म्हणजे माझं डोकं सरासरी आहे!" तो म्हणाला. पहिल्या वर्गाचा निकाल ऐकतानासुद्धा तो एवढा खूश झाला नसेल. स्वतःला सरासरी म्हणवून घेऊन हरखणारा दुसरा माणूस मला आजवर भेटला नाही.

अक्काला हे पसंत नव्हतं. "दुसऱ्यांचे मान ह्याच्या डोक्यावर घासून पुढं जाणार," ती म्हणाली, "मग ह्याचा मान येणार कुठून?" मी सांगितलं, तो फेटा घालत नाहीय, तो मंडे आहे. घरात माझा शब्द शेवटचा असतो. अक्का त्यानंतर जे बोलते त्याला आम्ही शब्द म्हणत नाही.

माडीवरचा स्टुलावर बसला. पण लाकडात आणि ह्याच्यात एकच फरक: लाकूड गप्प असतं. हा बोलायला लागला की जबडा हलायचा, जबड्याबरोबर कानशिलं हलायची, आणि कानशिलांवरची घडी सुटायची. हात लावून बघा, तुमचीही हलतात. मी नियम केला, टाका घालेपर्यंत प्रश्न नाही. बिचारा तोंड मिटून बसायचा, पण प्रश्न आत साठत जायचे, चेहरा लाल व्हायचा, डोळे मोठे व्हायचे, आणि सुई बाहेर निघाली रे निघाली की एका दमात, "जरीला वास का येतो, हे रेशीम कुठून येतं, विणणारा कधी फेटा घालतो का, सगळ्यात लहान डोकं कुणाचं होतं?" मग मीही कंटाळलो. म्हटलं, बोल बाबा, बोलता बोलता बांधतो. कानशील हललं की कापड थोडं सैल सोडायचं, थांबलं की ओढायचं. त्रास झाला, पण फेटे झाले.

फेटे न्यायला एका संघाचे सेक्रेटरी यायचे. गोल, गोरे, घाईत असलेले गृहस्थ. दिवसा ते कुठल्याशा संस्थेत साहेब होते, संध्याकाळी सत्कार करत. कार्यक्रमानंतर मुद्दाम दुकानात आले. "अण्णा, काय जादू केली? पाहुणे एवढं लांब बोलले, लोक उठून जेवायला गेले, पण फेटा जागचा हलला नाही!"

इथं एक सांगायला हवं. बंगळुरात कुठलाही पाहुणा भाषणाला उभा राहिला की अर्ध्या भाषणात फेटा त्याच्या भुवयांवर यायचा. एक बोट वर करून तो फेटा मागं सारायचा आणि पुढचं वाक्य बोलायचा. शहराला ते सवयीचं झालं होतं. आम्हीही तो फेट्याचा स्वभाव धरून चाललो होतो, तीन पिढ्या. सेक्रेटरी गेल्यावर माडीवरचा बराच वेळ कानशिलांवर बोटं ठेवून तोंड उघडत-मिटत बसला, आणि म्हणाला, "अण्णा, मंडे बोलत नाही. पाहुणा बोलतो."

मी म्हणालो, "असेल." ह्याहून जास्त मी माझ्या वडिलांपुढंसुद्धा कधी मान्य केलेलं नाही.

पण त्या दिवसापासून नियम उलटा झाला. तो गप्प बसला की मीच म्हणायचो, "काय रे, तोंड शिवलं का? विचार काहीतरी." दुकानात येणारी माणसं सुरुवातीला बिचकायची, स्टुलावर जरीचा फेटा घातलेला तरुण पोरगा, मांडीवर निळी फाईल, आणि तो त्यांना विचारतोय की तुमच्या संघात अध्यक्ष भांडून बदलतात का आपोआप. नंतर रुळली. सेक्रेटरी तर फेटे तयार असले तरी बसायचे, बाय-टू मागवायचे. सुतार जत्रेहून परत आला, विचारायला आला, "अण्णा, नवं मंडे करायचं ना?" मी म्हटलं, सवडीनं बघू, घाई काय आहे. तो गेला, पुन्हा आला, पुन्हा मी तेच म्हटलं. अक्का नुसती बघत राहिली.

दसरा मात्र कुणाची सवड बघत नाही. माडीवरच्याच्या बुटांचं पॉलिश वाढलं, प्रश्न कमी झाले. जिथं तिथं 'कळवतो'. महानवमीला आमच्याकडं आयुधपूजा. रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, गिरणीवाला गिरणीला, आणि दारादारात कोहळा फुटतो. आम्ही पाटावर कात्री मांडली, सुया मांडल्या, गजपट्टी मांडली, इस्त्री मांडली. अक्कानं हळदीकुंकवाचं ताट आणलं आणि थबकली. "मंडे कुठाय?"

मी माडीकडं बघितलं.

"चालणार नाही," अक्का म्हणाली. पहिल्या दिवशी विरोध करणारी हीच. "वर्षभर राबवून घेतलंत, आता पूजेला चुकवायचं? हत्यार रुसतं." तिनं त्याला हाक मारली, पाटावर बसवलं, डोक्यावर त्या आठवड्यातला शेवटचा फेटा चढवला, फेट्याला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, आणि ओवाळायला लागली. तो मजेत. "अक्का, कात्रीला एकच फूल आणि मला हार, असं का?"

"कात्री जेवायला मागत नाही, तू मागतोस. गप्प बस."

आणि त्याच वेळी दारात त्याचे वडील. यशवंतपूरला गाडीतून उतरून थेट आलेले, धोतर, कोट, हातात पिशवी. दसऱ्याला पोरगं आपणहून परतायचं नाही हे ओळखून न्यायलाच आले होते. त्यांनी बघितलं: पोराच्या डोक्यावर जरीचा फेटा, गळ्यात हार, हळद, आणि एक बाई ओवाळतेय. तासगावात ह्याचा अर्थ एकच होतो. पिशवी हातातून गळली.

"बापाला न कळवता?" त्यांचा आवाज चिरकला. "आं? मुलगी कोण? कुठली? कानडी आहे का?"

"कसली मुलगी?" अक्का म्हणाली.

"मग हे काय चाललंय?"

"पूजा चाललीय," मी म्हणालो. "चपला काढून आत या."

"कुणाची पूजा?"

"हत्यारांची."

त्यांनी कात्रीकडं बघितलं, इस्त्रीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. "हा हत्यार आहे?"

"आमचं आहे," मी म्हणालो.

सगळं कळल्यावर माणूस जो तापला तो विचारू नका. "पोराला पदवीधर केलं ते फेटे वाळत घालायची खुंटी व्हायला? लोक काय म्हणतील? उद्या दसरा. ट्रंक भर. आत्ताच निघायचं." मी माझ्या घरात कुणाचा आवाज चढू देत नाही, पण बापापुढं काय बोलणार. आणि माडीवरच्यानं एकही प्रश्न विचारला नाही. वाद नाही, का नाही, कसं नाही. हार काढायला हात वर नेला, आणि ते मला बघवलं नाही.

"थांब," मी म्हणालो. "पूजेला मांडलेलं हत्यार आज घरातून हलवत नाहीत. उद्या विजयादशमीला उठवायचं. तोवर उंबऱ्याबाहेर गेलं तर वर्षभर धंदा बसतो." हे खरंच आहे, कुणालाही विचारा. वडील देवभोळे होते. दुसऱ्याच्या धंद्याचं पाप कोण घेणार? कोट काढून खुंटीला लावला आणि बसले.

दुपारी जेवणं झाली. मी आडवा झालो होतो, एक डोळा उघडा. वडील पाटाजवळ गेले, पोरानं काढून ठेवलेला फेटा उचलला, उलटा केला, आत बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून, जरा घसा खाकरून, "आत पुठ्ठा का हो घालता?" मी सांगितलं. "मग घाम आला की मऊ पडत नाही?" मी सांगितलं. "हे टाके बाहेरून दिसत कसे नाहीत? जरी काळी पडत नाही का? आणि एका माणसाचा सत्कार झाला की तो फेटा पुढं ठेवतो कुठं?" मी अक्काकडं बघितलं, अक्कानं माझ्याकडं बघितलं. खाण त्याच डोंगरातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आले. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे फेटे न्यायचे होते. दाराशी दोरीनं बांधलेली ट्रंक बघून म्हणाले, "कोण निघालं?"

"मी," माडीवरचा म्हणाला. "खत विकायला."

"आणि माझे पाहुणे? बोलताना त्यांचे फेटे कोण सांभाळणार?" ते हसले, पण कुणीच हसलं नाही म्हणून थांबले. स्टुलावर बसले. त्या पोराकडं वळले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याला प्रश्न केला. "त्या साबणाच्या कामात तू एका घरात अर्धा दिवस काढायचास म्हणे. खरं?"

"खरं."

"आमच्या संस्थेला खेड्यांतून फिरणारी माणसं लागतात. लोक काय खातात, पाणी कुठलं पितात, आजारी पडले की कुणाकडं जातात, का जातात, हे विचारायचं. आमची पोरं झाडाखाली बसून सगळे कागद भरतात आणि संध्याकाळी परत येतात. मला अर्धा दिवस काढणारा हवाय. ऑफिस के. आर. पुरमच्या पलीकडं आहे, फिरती फार, पगार बेताचा. येतोस?"

माडीवरच्याचं तोंड उघडलं, पण आवाज आला तो वडिलांचा. "कायमची आहे का?"

"माणसं आहेत तोवर विचारावं लागणारच," सेक्रेटरी म्हणाले.

वडील ट्रंकेकडं बघत उभे राहिले. आत अक्कानं उगीचच भांडी वाजवली. मग ते म्हणाले, "त्या लोकांना खताचं काही विचारता का?"

"अजून तरी नाही."

"विचारायला पाहिजे," वडील म्हणाले, आणि खाली बसून ट्रंकेची दोरी सोडायला लागले. गाठ त्यांनीच मारलेली, लवकर सुटेना. आम्ही कुणी मदतीला गेलो नाही.

पुढं फिरतीच्या गाड्या पहाटे सुटायच्या म्हणून त्याला तिकडंच खोली घ्यावी लागली. जाण्याआधी मी सुताराला बोलावलं. माडीवरचा स्टुलावर बसला आणि सुतार त्याच्या डोक्याला दोरी लावून माप घेत राहिला. फणसाचं लाकूडही त्यानं स्वतः जाऊन निवडलं होतं, का तेच हवं ते सुताराला विचारून विचारून. निघायच्या दिवशी अक्कानं दही दिलं हातावर. मी म्हटलं, एक फेटा बांधतो तुझ्यासाठी, खरा, मानाचा. तो म्हणाला, "डोक्याला पुरे झाले अण्णा. तुम्ही बसा, मी तुम्हाला बांधतो. तुमचं माप काय?"

"बांधणाऱ्याला माप नसतं," मी म्हणालो.

"का?"

तेवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. म्हणून त्याला उत्तर मिळालं नाही, असं मी समजतो.

आता तो कुठं कुठं असतो. कधी ओरिसा, कधी आणखी वर. फोन येतो, खुशाली विचारायच्या आधी विचारतो, की बूथपुढं अजून दगड असतात का. नसतात. दूध आता पिशवीत, दारात येतं. मी त्याला सांगितलेलं नाही. "असतात," म्हणतो.

नवं मंडे चांगलं आहे. त्याच्याच मापाचं. ज्या पोराला हे शहर 'कळवतो' म्हणालं, त्याच्या डोक्यावर आज ह्या शहरातल्या सगळ्या मानाच्या फेट्यांचं माप बसतं, आणि फेटा घालणाऱ्यांना ते ठाऊक नाही. मंडे हलत नाही, कॉफी मागत नाही. आणि काही विचारत नाही. म्हणून शेवटचा टाका ओढायच्या आधी मी डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या कानशिलापाशी कापडाखाली सरकवतो, आणि मग ओढतो. अक्का परवा म्हणाली, "काय शोधता तिथं?" मी बोटं काढली. तेवढी जागा तिथं राहू द्यायची असते, तो काही विचारेल म्हणून.